मधल्या नावाचा घोळ
अरे, त्या एआयने माझ्या बायकोला माझी मुलगी करून टाकलं होतं! इथे ओमानमध्ये, आमच्या कुरुमच्या ऑफिसात फॅमिली व्हिसाचे कागद हल्ली तेच वाचतं. बायको सुजाता प्रकाश कांबळे, मुलगी तन्वी प्रकाश कांबळे. दोघींच्या मधे प्रकाश, म्हणजे मी. त्याने ठरवलं, या दोघी बहिणी. अर्जात बायकोचा रकाना रिकामा, मुली दोन! मी तीनदा दुरुस्त केलं, तीनदा त्याने पुन्हा तेच केलं, वर मलाच कळवलं, ‘चूक सुधारली आहे.’ इकडे तन्वीची शाळा आठवड्यावर आलेली.

शेवटी सुजाताला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन आमच्या पीआरओ, म्हणजे ऑफिसची सरकारी कामं बघणाऱ्या सालिमभाईंसमोर धरला. ते ओमानी, त्यांच्याकडे बाई लग्नानंतरही वडिलांचंच नाव लावते. त्यांनी लग्नाचा दाखला वाचला, स्वतः बसून अर्ज नीट भरला. खलास!

मग हिंदीत विचारलं, “लेकिन भाई, इसके बाप का नाम किधर गया?”

मी म्हटलं, “वो हमारे यहाँ ऐसा है कि…”

फोनमधून सुजाता म्हणाली, “नीट सांग हं. बारा वर्षं मीही तेच विचारतेय.”