गुणाजीचे तीन कौल

आधी वाटा मोज । मग टाक पाय ।
देवाला तो काय । दोष देसी ॥

मंडळी, एक प्रश्न विचारतो. देवाने एकदा 'नाही' म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं – 'नाही'. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'हो' म्हटलं. तर मग देवाचं खरं उत्तर कोणतं? बोला! ... पेटीवाले मान खाली घालून बसलेत. तीनदा नकार पचवून चौथ्यांदा लग्न जमलेला माणूस तो, त्याला नका विचारू!

ही पुढे बसलेली शाळेची मुलं बघा. हेडमास्तर म्हणाले, "बुवा, पोरांना संभाव्यता कळत नाही." अहो, शब्द ऐकूनच ताप भरतो, कळणार कशी! पण बाळांनो, गोष्ट ऐका. आणि मी गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं – होय म्हाराजा! म्हणाल ना? ... हे काय, प्रसाद मागताना बरा आवाज निघतो! पुन्हा! – हां, शाब्बास!

तर कोकणात, खाडीच्या काठी एक गाव. गावात गुणाजी राऊळ. माणूस सज्जन, पण कौलाशिवाय शिंकणार नाही! आता कौल म्हणजे काय? गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतो – उजवीकडे एक, डावीकडे एक. हात जोडून प्रश्न विचारायचा. आधी उजवी पडली, देव 'हो' म्हणाला. डावी पडली – 'नाही'. श्रद्धेची गोष्ट आहे, मी तिला हसत नाही. मी गुणाजीला हसतो!

गुणाजीला टीव्ही घ्यायचा होता. लावला कौल – डावा! गुणाजी म्हणाला, "देवाचा लक्ष नव्हता. गुरवा, पुन्ना लाव." – डावा! "पाकळी जास्त भिजली." – तिसरा – उजवा! "बघा! देवान सांगल्यान!" टीव्ही घरात!

मग विचारलं, "देवा, सासुरवाडीक जाव काय?" पहिल्याच फटक्यात डावा! गुरव म्हणाला, "पुन्ना लावू?" गुणाजी म्हणाला, "छे छे! देवाक किती त्रास देवचो!" तिथे मात्र एका कौलात देव पक्का! काय मंडळी, ओळखीचा वाटतो का हा माणूस?

ह्या गुणाजीची एकुलती एक मुलगी वासंती. शाळेत गणित शिकवायची. तिच्या मनात भरला खाडीपलीकडचा मधू, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. मुलगा चांगला, घर चांगलं. मधूचा मामा होडी घेऊन धक्क्यावर लग्नाचं उत्तर न्यायला आलेला. म्हणाला, "ओहोटी लागायच्या आत काय ता सांगा. होडी चिखलात रुतली तर मी हयच रवतलंय, आणि माका जेवण लय लागता! तुमचा उत्तर इला नाय, तर आमी दुसरा स्थळ बघतलंव."

झालं! गुणाजी देवळात. मागून वासंती. तिच्या मागून अर्धा गाव – फुकटचा तमाशा कोण सोडतो? गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा लगीन त्या खाडीपलीकडच्या झिलाशी करूचा काय, ता सांग रे म्हाराजा!" –

(होय म्हाराजा!)

– आणि पाकळी पडली... डावी!

गुणाजी उठला. उपरणं झटकलं. "संपला. देव नाय म्हणता. मामाक सांगा, जा."

वासंतीचा चेहरा उतरला, डोळे भरले. पण मंडळी, ती गणिताची बाई! रडत रडतसुद्धा हिशेब मांडते ती! म्हणाली, "बाबानू, टीव्हीसाठी तीन कौल, आणि माझ्यासाठी एक? ह्यो खंयचो न्याय?"

गाव हसलं. गुणाजी चिडला. "बरा! तुका पण तीन! गुरवा, लाव!"

"थांबा," वासंती म्हणाली, "आधी काय करतास ता तरी समजून घेवा." तिने परडीतली फुलं घेतली आणि फरशीवर मांडायला बसली. मुलांनो, आता कान इकडे! लाल फूल म्हणजे उजवा, पांढरं म्हणजे डावा. दोन्ही पाकळ्या सारख्या ओल्या, गुरवाचा हात सारखा, असं धरून चाला. एका कौलात वाटा दोन – लाल किंवा पांढरं. दोन कौलांत? प्रत्येक वाटेला पुन्हा दोन फाटे – चार. तीन कौलांत? – ए चष्मेवाल्या, सांग! – आठ! बरोब्बर! आणि त्या आठांत तिन्ही पांढरी फुलं असलेली वाट किती? फक्त एक! बाकी सातांत कुठे ना कुठे लाल आहेच!

वासंती म्हणाली, "बाबानू, एकदा लाल मिळाला की थांबायचा, असा ठरवून तीनदा विचारलास, तर आठातल्या सात वाटांनी 'हो'च येतला. मग ता देवाचा उत्तर, की तुमच्या विचारण्याचा?"

गुणाजीने ऐकलं काय? फक्त 'सात'! डोळे चमकले. "आठात सात? मग काय भियाचा! लाव गुरवा!"

"आता आठ खंयची?" वासंती म्हणाली, "पहिलो डावो पडान गेलो. उरल्या चार वाटा, तीन 'हो'च्यो."

"तीन तर तीन! लाव!"

दुसरा कौल... डावा! आता वाटा उरल्या दोन. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. सारं देऊळ श्वास रोखून उभं. तबलजी, जरा वाजवा हो... तिसरा कौल... सरकली... थांबली... पडली –

डावी!

आठातली एक वाट, आणि गुणाजी नेमका तीच चालला! का हो, पडू नये का? कमी शक्यता म्हणजे अशक्य नव्हे, बाळांनो! आठातली एक म्हणजे ती कधीतरी येणारच. कुणाच्या दारी येईल ते सांगत नाही, एवढंच.

गुणाजी लालबुंद! "आता चौथो उजवो पडाकच होयो! तीनदा डावो पडलो, देव पण कंटाळलो असतलो!"

"पाकळीक काय म्हायत आधी काय पडला ता?" वासंती म्हणाली. "चौथ्याक पण अर्धा-अर्धाच."

"तू गप रव! गुरवा, लाव!"

गुरवाच्या पोटात कावळे ओरडत होते. म्हणाला, "गुणाजी, आणि किती वेळा?"

"उजवो पडेपर्यंत!"

वासंती उठली. हळूच म्हणाली, "बाबानू, उजवो पडेपर्यंत? म्हणजे तुमका 'हो'च होया मा?"

गुणाजी खाली बसला. मंडळी, टीव्हीसाठी न रडलेला माणूस तिथे रडला. म्हणाला, "होया गे. झील बरो आसा. पण उद्या तुका तिथं काय दुखला-खुपला, तर 'देवान सांगल्यान' म्हणाक तरी येयत. नायतर लोक म्हणतले – बापान केल्यान."

"मग बापानच करा," वासंती म्हणाली. "माका देवाचो नाय, तुमचो कौल होयो."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ओहोटी लागली! मामा होडी सोडता!"

आणि गुणाजी धावला! एक चप्पल देवळाच्या पायरीशी, दुसरी वाटेत, उपरणं तारेच्या कुंपणाला! धक्क्यावर पोचला तोवर होडी निघालेली. गुणाजी गुडघाभर चिखलात उतरला, दोन्ही हात वर केले आणि बोंबलला –

"होय म्हाराजा! होय म्हाराजा!"

मामाने सुकाणू फिरवलं. होडी वळली, चिखलात रुतली, आणि मामा दोन वेळा जेवूनच गेला!

तर मंडळी, कौल खोटा नव्हता. विचारणारा खोटा होता. देवाने तीनदा सांगितलं होतं – 'अरे, मला नको विचारू, तुझं तू बोल!' असं मी म्हणतो. गणितवाले म्हणतील, नुसती आठातली एक वाट होती. दोघेही नमस्काराला पात्र!

आता तुमच्याकडे वळतो. मुलांनो, परीक्षेत चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवता, चारात एक वाट बरोबर, आणि चुकलं की 'देव पावला नाही' म्हणता – होय म्हाराजा?

(होय म्हाराजा!)

निदान खरं बोलता! आता मागे बसलेले मोठे. पोरीला स्थळ आवडलं, पण तुम्हाला नाही. पहिला ज्योतिषी म्हणाला, जुळतं. दुसरा म्हणाला, जुळतं. तिसरा म्हणाला, जुळत नाही – आणि तुम्ही तिसऱ्याला वाकून नमस्कार केलात, आणि घरी येऊन पोरीला सांगितलंत, 'योग नाही गं!' होय म्हाराजा?

...

का हो? आता का सगळे गप्प?