आधी फ्लेक्स, मग परीक्षा

मी मूळची निमोण्याची. घरी कांदा, मका, दोन म्हशी. शिरूरच्या शाळेत कराटे शिकवायला एक सर यायचे, त्यांच्याकडं शिकले, आन् काय सांगू तुम्हाला, पांढरा पट्टा दीड वरीस कंबरंला व्हता, आई म्हणायची आगं तो मळला तरी बदलत्यात का न्हाई, आन् सर म्हणायचे आधी नीट उभं राहायला शिक. दीड वरीस नुसती उभं राहायला शिकले मी! ब्लॅक बेल्ट मिळाला तवा लग्न हून पोरगी पदरात व्हती.

आता सणसवाडीला राहते, मालक कंपनीत हायेत, आन् मी संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या जागंत क्लास घेते. पोरं चिक्कार, पण आईबापांचं एकच, मॅडम, पुढचा बेल्ट कवा? आवो, पोरगं पाय कसा टाकतंय ते इचारा, तर न्हाई. शेजारच्याचा हिरवा झाला, आमचा अजून पिवळाच कसा? पोरगं काय आंबा हाय व्हय, आढीत घातला का पिकला?

बाळूआप्पांनी तर कहरच केला. त्यांची पोरगी श्रेया दहावीला, हातपाय लई चपळ. तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा रविवारी, आन् आप्पांनी शनिवारीच चौकात फ्लेक्स लावला. ह्यो एवढा! ब्लॅक बेल्ट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, मधी श्रेया, खाली आप्पा, चुलते, मामा, सगळ्या भावकीचं फोटू. मी म्हणलं आप्पा, परीक्षा व्हायचीय अजून. तर म्हणत्यात, परीक्षा तुमच्याच हातात हाय की मॅडम.

रविवारी लढतीत मी थांबा म्हणलं, समोरची पोरगी थांबली, तिनं हात खाली घेतलं, आन् श्रेयानं तवाच ठोसा हाणला. व्हट फुटला तिचा. मी श्रेयाला तिथंच नापास केलं. मारता कुणालाबी येतं वो, हात आवरता आला पायजे, त्याचाच तर काळा पट्टा हाय.

आप्पा घरी आलं. म्हणलं फ्लेक्स लागलाय, लोकं पेढं मागत्यात, माझी इज्जत ऱ्हाईल का, पट्टा द्या, शिकंल ती मागनं. मी म्हणलं न्हाई. मग पोरगी क्लासला बंद, आप्पा म्हणलं, आन् केली की बंद. तिच्या मागं आठ पोरं गेली. आमचं मालक म्हणत्यात, दिऊन टाकायचा, कापडाचा तुकडा तर हाय. डोस्कंच फिरलं माझं, दोन दिस बोलले न्हाई त्यांच्याशी. पर खरं सांगते, क्लास बसला आता आसंच वाटलं, मोरीत जाऊन रडले बी.

तिसऱ्या आठवड्यात श्रेया आली, काखंत फ्लेक्सची गुंडाळी. मॅडम, मीच उतरवला, म्हणली, चौकातनं जाताना मान वर हुईना. आन् बारक्यांच्या पायाला मुरूम टोचतो म्हणून तिनं फ्लेक्स खाली अंथरला, पावसात कांद्यावर टाकत्यात तसा, फोटू खाली, पांढरी बाजू वर. मग त्या व्हट फुटलेल्या पोरीम्होरं जाऊन वाकली, म्हणली, माझं चुकलं, चल परत लढू. लढल्या. मी मुद्दाम श्रेयाचा हात सुटला तवाच थांबा म्हणलं. थांबली! मूठ त्या पोरीच्या नाकापासनं दोन बोटं.

पट्टा? न्हाई दिला अजून. एकदा थांबली म्हणून लगीच काय? आप्पा रस्त्यात दिसलं की तोंड फिरवत्यात, पर तिला क्लासला सोडायला गाडी त्यांचीच आसती. पोरीचं भलं होवो, तिला मिळंल आज ना उद्या. आन् आप्पांना देव एवढीच बुद्धी देवो, पुढचा फ्लेक्स मला इचारून छापावा.