लोटूच्या फुप्फुसातलं पाणी

(सुरतेतला एक दवाखाना. आयसीयूबाहेरचा बाक; आत लोटू. तिसरा दिवस.)

योगिता : नाही आई, ते पाणी बाहेरून गेलेलं नाही. बाबांच्याच रक्तातलं आहे.

प्रमिलाबाई : तीन दिवस एक घोट पाजू देत नाहीत, आणि वर सांगतात पाणी भरलं. लॅबमध्ये तुले हेच शिकवतात?

योगिता : हेच. फुप्फुसात एक द्रव्य असतं, रक्तवाहिन्या वाढवणारं. एरवी पडद्याच्या एका बाजूला गुमान बसतं. मिलमधल्या त्या धुरानं पडदा जळला. मग ते पलीकडे गेलं आणि वाहिन्या सैल केल्या. म्हणून झिरपतंय.

प्रमिलाबाई : मग त्याले मारायचं औषध द्या म्हणावं.

योगिता : मारलं तर नंतर वाहिन्या कोण बांधणार? तेव्हा तेच लागतं. डॉक्टरांना ते रोज मोजायचंय, अभ्यासासाठी. बाबांचं थोडं रक्त मागतायत. बाबांना फायदा नाही, पुढच्याला होईल.

प्रमिलाबाई : पुढचा कोण?

योगिता : पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलांत हायड्रोज पावडरचे डबे भरपूर आहेत.

प्रमिलाबाई : दे. जन्मभर पुढच्याचंच करत आला माणूस.

वाल्मिक : (लोटूचा गाववाला, मिलमधला जोडीदार; चहा घेऊन येत) वहिनी, चहा घ्या. आणि हा कागद. मॅनेजरसाहेबांनी पाठवलाय. नुसती सही, बस ने.

योगिता : वाचा ना काका.

वाल्मिक : ‘लोटू यांनी धुमसणाऱ्या हायड्रोज पावडरवर स्वतःच्या मर्जीने पाणी मारले.’

योगिता : अठरा वर्षं डाइंगमध्ये काढलीत बाबांनी. हायड्रोजवर पाणी मारलं की गॅस सुटतो, हे मला शाळेत असताना सांगितलंय त्यांनी.

प्रमिलाबाई : ‘पाणी मार’ कोण ओरडलं, भाऊ?

वाल्मिक : ...मीच. धूर दिसला की तोंडातून पाणीच निघतं, वहिनी. आणि तो माझं ऐकतो.

योगिता : मग तेवढं लिहा खाली.

वाल्मिक : लिहिलं तर माझी नोकरी जाईल, बेटा. उधन्यात राहायला खोली मी बघून दिली. परवा मोटरसायकलवर घालून मीच आणलं ना त्याला?

प्रमिलाबाई : नाही कोण म्हणतं? गावाहून तुम्ही आणलं, ओरडले तुम्ही, दवाखान्यात घातलं तेबी तुम्हीच.

योगिता : आई, त्या द्रव्यासारखं काकांनाही रोज मोजायला हवं.

वाल्मिक : काय मोजायचं?

योगिता : काही नाही. चहा गार होतोय.

प्रमिलाबाई : कागद खिशात ठेवा, भाऊ. सही व्हायची नाही.

वाल्मिक : मग निघू मी?

प्रमिलाबाई : बसा. यांच्या घशातली नळी काढली की पहिलं हेच विचारतील, वाल्मिक धुरातून निघाला का. समोर दिसले पाहिजे तुम्ही.