इंजिनाला रंगाचे चार हात

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहत बसलेल्या मुलीने पुस्तक मिटलं. समोर एक काका वडिलांच्या वेळची गाडी घेऊन आले होते आणि मिस्त्री बॉनेटखाली वाकला होता.

"थंड असताना पहिल्या फटक्यात चालू होते. आत्तासारखी तापली, की माझ्यासारखी कण्हते."

"बॅटरी?"

"नवी घातली."

"स्टार्टर?"

"तोही बदलला. बायको म्हणते, आता नवराच बदलायचा राहिलाय."

"काकू चिडल्यात?"

"काल तिने भर चौकात गाडी ढकलली. उद्या लेकीला स्टेशनवरून आणायचंय. तिथे अडली, तर गाडी थेट भंगारात."

"इंजिन कुणी रंगवलं?"

"मीच! सगळे बोल्ट उघडून तीन-तीन हात दिले. कसं चकाकतंय!"

"अर्थिंगची वायर बसते तिथेही?"

"तिथे चार. नुसतं लोखंड उघडं दिसत होतं हो!"

"काका, रंगातून करंट जाईल कसा? इंजिन थंड असताना कसंबसं भागतं. तापलं की जोर जास्त लागतो. थांबा, ही केबल बॅटरीपासून थेट इंजिनाच्या रंग न लागलेल्या कोपऱ्याला लावतो. हं, मारा स्टार्टर."

गाडी झटक्यात सुरू झाली. मिस्त्रीने पॉलिशपेपर हातात घेतला.

"खरवडू रंग?"

"खरवडा. आणि बायकोने विचारलं, तर बिघाड मोठा होता म्हणा."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठे? चांगला पावणेसहा फूट उंच, तुमच्यासमोर उभा आहे."