मोहगावच्या जंगलाचा तास

१९५७ची गोष्ट. सौंसरच्या शाळेत सामाजिक अध्ययन शिकवणाऱ्या सुधाबाई पांढुर्ण्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"मोहगावच्या शाळेत कायले गेलते जी?"

"गुरुजीनं बलावलं. पोरायले जंगलाचा इतिहास शिकवून राहिले."

"तुमाले काय येते इतिहास?"

"जंगलातलं गवत कापलं म्हून इंग्रजानं जेलात टाकलं, थे सांगतलं. सारं सागवान रेल्वेच्या पटरीखाली गेलं, थेबी."

"मी नवरी होऊन आली तवा झाडाईनं रस्ता दिसत नोता, थे सांगा लागत होतं."

"सांगतलं ना. पोरं उठून उभी राहिली."

"कायले?"

"हात जोडाले. आजवर गावानं मले जंगलचोरच म्हनलं, जयवंता."

सुधाबाई मागे वळल्या.

"बाबा, आमच्या शाळेत याल का?"