तलावातला कापूस

…अन् आळ कोणावर? सेवकरामवर! तुम्हाले सांगतो, थंडीचे दिवस, आंबागडच्या तलावात रोहू पटापट उलटे होऊन राहिले, अन् अंगावर पांढरा कापूस! मासोळीच्या अंगावर कापूस हो, ऐकलं कधी? अन् मच्छी सोसायटीचा इश्वर चावडीवर उभा राहून ओरडते, "सेवकरामच्या वावरातली बांधी तलावाले लागून हाये, हरभऱ्याचा फवारणीपंप त्यानंच पाण्यात धुतला!" सेवकरामनं तर पंप घरी हातपंपापाशी धुतला होता, पण ऐकते कोण? त्याची बायको गोदावरीबाई धुणं घेऊन तलावावर गेली, तर बाकीच्या बाया घाट सोडून उठल्या! आता सांगा, माणसानं कराव तरी का?

सेवकरामची भाची रिता भंडाऱ्याले कॉलेजात शिकवते, पाण्यातल्या बारीक जिवायचं शिक्षण तिचं. फोन केला, आली. म्हणे, "मामा, ते डोळ्यानं दिसत नाहीत, आमिष लावून पकडाव लागते. तीळ आणा, कांद्याचे पापुद्रे आणा, डोक्याचे केस, अन्… सापाची कात."

"कात? मासोळीवरचा जीव सापाची कात खाते?"

"तो नाही, दुसरा खाते. पाण्यात लय जाती हायेत मामा. कोणाले केस पाह्यजे, कोणाले कांदा."

झालं! सेवकरामच्या डोक्यात किडा वळवळला. आळ राह्यला बाजूले, हा पठ्ठ्या बाबुलाल न्हाव्याच्या दुकानातून केस झाडून आणते, धानाच्या तणसाच्या ढिगात हात घालून कात शोधते… अन् सगळं मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून सकाळीच पाण्यात सोडून राहिला, तेवढ्यात पाहिलं कोणी? मंदाबाईनं!

"अगो माय! करणी! सेवकराम करणी करून राहिला! गावाचे केस, सापाची कात!"

म्हणजे कालपर्यंत नुसता मासे मारणारा, आज गाव मारणारा! सांगा, माणसानं कराव तरी का?

पाचव्या दिवशी पुरचुंडी काढली. रितानं चावडीवर मायक्रोस्कोप मांडला, सगळं गाव जमलं, पहिला डोळा सेवकरामनं लावला… अन् उठेचना! "अरे बाप्पा… हे तर पोहून राहिले! शेपटी हाये! डोळा नाही, नाक नाही, तरी तिळाकडंच कसे धावून राहिले बे?"

"पाण्यात उतरलेला वास लागते त्याईले," रिता म्हणे. "जागा भेटली का शेपटी टाकते, अन् धागे सोडते. तोच तुमचा कापूस. दिसते बुरशीसारखा, पण खरी बुरशी नाही."

"मंग हे औषधानं आले का?" इश्वर.

"हे इथंच राहते, भाऊ. मेलेलं खाऊन तलाव साफ ठेवते. पण पाणी थंड असलं, अन् मासोळीचं खवल निघून जखम झाली, का तिथं बसते."

सेवकरामनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. "मंग खवले कायनं निघाले?"

आता सगळे इश्वरकडं पाहून राहिले. काहून? पंधरा दिवसाअगोदर त्यानंच, वजन पाहाव म्हून, जाळं ओढून, घमेल्यात आपटून-आपटून मासे परत पाण्यात सोडले होते!

इश्वर म्हणे, "जाळं… थोडं जुनं होतं."

तेवढ्यात मंदाबाई पुढं सरकली, "बाई, आमच्या घरच्या केसावर कोण बसला, तेवढं दाखव वो."

आळ गेला. घाटावर बाया गोदावरीबाईले जागा करून देऊन राहिल्या. इश्वर सेवकरामच्या घरी येऊन "चुकलं दादा" म्हणून गेला. गावानं सेवकरामलेच तलावाचा रखवालदार केला, अन् तो खुश! रोज काठावर बसून पाण्याकडं टक लावते. गोदावरीबाई ओरडते, "अजी, जेवाले तरी या!"

पण तुम्हाले सांगतो, काल एक कटला मासा मेला. दहा किलोचा, म्हातारा, अंगावर ना कापूस, ना जखम. गाव दारात हजर!

"सेवकराम, तुले तर सगळं समजते, मंग मरू काहून दिला?"

"अरे, वयानं मेला तो!"

"असं कसं वयानं? रिताले फोन लाव!"

लावला बाप्पा. करते का!