पायमशीनवरची जागा

बायको गेल्यापासून म्हातारा सुतार दवाखान्यात एकटाच येई. आज शेजारच्या बाकावर एक शिंपीण डॉक्टरांकडून येऊन टेकली, आणि नवरा वाकून तिच्या बुटाची नाडी बांधू लागला.

“घोटा बरा झाला म्हणायचा. उद्यापासून पायमशीन चालवा म्हणाले.”

“ऑपरेशनच्या वेळी तुझंच रक्त काढून यंत्रात फिरवलं, त्यातला पिवळा भाग घोट्यात सोडला. त्याचाच गुण.”

“मदत झाली असेल, खात्री देत नाही म्हणाले.”

“तुझं रक्त आहे. स्वस्थ बसणं त्याला कुठलं माहीत?”

“पुरे. सुटलात तुम्ही. तीन महिने मी कापड सरकवतेय आणि तुम्ही शेजारी बसून पाय मारताय. किती शिवणी वाकड्या गेल्या.”

“दोन.”

“दोन सदरे. शिवणी मोजूच नका.”

“म्हणजे उद्यापासून मला सुट्टी.”

“तोंड का उतरलं मग?”

“सवय झाली गं शेजारी बसायची.”

“मग बसा की तसेच. एक पाय तुमचा, एक माझा.”

“शिवण वाकडी जाईल.”

“जाऊ दे. उसवीन मी.”

सुताराचा नंबर पुकारला. त्याने मागच्या माणसाला आधी जायला सांगितलं.